मलावीत वर्षभर नर्सिंग ट्यूटर: अर्जापासून परतीपर्यंत

परत आल्यापासून मला येणाऱ्या फोनांचा साचा ठरून गेलाय. "मॅडम, तुम्ही आफ्रिकेत शिकवायला गेला होता ना? ते कसं जमवलं?" विचारणाऱ्या बहुतेक स्टाफ नर्स, काही ट्यूटर, मधूनच एखादीचा नवरा. प्रत्येकीला तेच तेच अर्धा-पाऊण तास सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं. लांबलंय. पण कागदपत्रांचा भाग गाळला तर लिहून उपयोग नाही, कारण खरी दमछाक तिथंच होते.

मी मिरजेची. आधी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग नोकरी सांभाळत पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची बी.एस्सी.) आणि एम.एस्सी. विषय प्रसूती आणि स्त्रीरोग परिचर्या. काही वर्षं लेबर रूममध्ये काढली आणि मग एका ट्रस्टच्या नर्सिंग कॉलेजात ट्यूटर म्हणून लागले, ती आजतागायत. परदेशातून कुणी येऊन नर्सिंग शिकवावं ही कल्पना मिरजकरांना नवी नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं आणि पुढं कितीतरी वर्षं परदेशी सिस्टर इथल्या मुलींना शिकवत होत्या. माझ्या पहिल्या मेट्रनबाई त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या. आपणही कुठंतरी जावं हे डोक्यात होतंच. मुलगा बारावी होऊन पुण्याला शिकायला गेला तेव्हा मनावर घेतलं.

अशा कामाला माणसं पाठवणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. ब्रिटनमध्ये १९५८ साली सुरू झालेली व्हीएसओ आणि संयुक्त राष्ट्रांचा यूएनव्ही कार्यक्रम ही त्यातली जुनी नावं. मी ज्या संस्थेतर्फे गेले तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं एकदोन तक्रारीही येणार आहेत.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अर्ज भरला. देश मी निवडला नाही. तिथल्या कॉलेजकडून मागणी येते, "मिडवाइफरीची ट्यूटर हवी, एक वर्षासाठी", आणि तुमचा अनुभव त्याच्याशी जुळवला जातो. ही पद्धत मला पटली. जानेवारी २०२३ मध्ये व्हिडिओवर मुलाखत झाली. वर्गात वीज नसेल, मॉडेल नसेल तर काय कराल, हा अपेक्षित प्रश्न आलाच. दुसरा जास्त खोचक होता: "तुमच्यापेक्षा वयानं लहान असलेल्या प्राचार्यांनी तुमची चांगली सूचना बाजूला ठेवली तर?" मी म्हटलं, आमच्याकडं हे दर महिन्याला होतं. पलीकडच्या दोघी हसल्या. बहुधा तिथंच काम झालं.

मार्चमध्ये निवडीचं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात फ्रेडी चक्रीवादळानं दक्षिण मलावीचा चिखल केला. हजाराहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. कॉलराची साथ आधीपासून चालूच होती. टीव्हीवर मलावीचं नाव आमच्या घरात कधी नव्हे ते दिसलं, तेही असं. सासूबाई म्हणाल्या, "तिकडं जाऊन काय वाघ-सिंहांना सलाइन लावणार आहेस?" नवऱ्यानं मात्र थंडपणे विचारलं, "विमा कोण काढणार?" हा प्रश्न तुम्हीही विचारा. आजारपणात देशाबाहेर हलवायचा खर्च विम्यात धरलाय का, हे पत्रात लिहून घ्या.

मलावीच का, हे थोडं सांगते. २००४ च्या सुमाराला तिथं नर्सेसचा दुष्काळ पडला होता. शिकलेल्या कित्येक ब्रिटनला निघून गेल्या होत्या, कित्येक एचआयव्हीनं गेल्या. तेव्हा ब्रिटन आणि ग्लोबल फंडाच्या (एड्स, क्षयरोग, मलेरियासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीच्या) पैशातून सरकारनं आपत्कालीन मनुष्यबळ कार्यक्रम काढला. आरोग्य खात्यातल्या ११ संवर्गांना पगारावर ५२ टक्के भर दिली, नर्सिंग कॉलेजांच्या जागा वाढवल्या, आणि नव्या मुली शिकून बाहेर पडेपर्यंत परदेशी डॉक्टर आणि ट्यूटर स्वयंसेवक म्हणून आणले. आज तिथं वेगळंच त्रांगडं आहे. शिकून लायसन्स घेतलेल्या नर्स घरी बसून आहेत, कारण भरतीला पैसा नाही. आणि वॉर्डात रात्रपाळीला एकटीच नर्स उभी आहे. हे मला तिथं जाईपर्यंत नीट समजलं नव्हतं.

आता कागद. एप्रिल ते ऑगस्ट २०२३ हेच केलं.

मराठी बायकांनी सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे नाव. माझ्या दहावीच्या आणि जीएनएमच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, पोस्ट बेसिकपासून सासरचं, आणि पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, मधलं नाव नवऱ्याचं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. मलावीच्या अर्ज तपासणाऱ्या बाईंना मात्र ही तीन वेगळी माणसं वाटली, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटली असती. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि "या दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं शपथपत्र, हे तिन्ही जोडल्यावर मिटलं. राजपत्राची नोंद आधीपासून असेल तर एक-दीड महिना वाचतो. जायचं ठरायच्या आधीच करून ठेवा, कुठंही उपयोगी पडते.

दुसरं, नोंदणीची पडताळणी. मलावीच्या नर्सेस अँड मिडवाइव्ज कौन्सिलला आपल्या कौन्सिलचं पत्र तुमच्या हातून चालत नाही, थेट कौन्सिलकडून कौन्सिलकडं जावं लागतं. त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमधलं तुमचं नूतनीकरण चालू हवं आणि एनयूआयडी (नर्सचा देशपातळीवरचा ओळख) क्रमांक हवा. नर्स आणि मिडवाइफ या दोन्ही नोंदींचे क्रमांक पत्रात आलेत का ते बघा; मिडवाइफरी शिकवायला जाणारीच्या पत्रात मिडवाइफची नोंद नसेल तर सगळं मुसळ केरात.

तिसरं, ट्रान्सक्रिप्ट. नुसते गुण नव्हे, थिअरीचे तास किती आणि क्लिनिकलचे किती, विषयवार. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या पदव्यांचं एका मार्गानं झालं. जुन्या जीएनएमचे तास मात्र अभ्यासक्रमाच्या पिवळ्या पडलेल्या पुस्तिकेतून काढून, टाइप करून, सही-शिक्का घ्यावा लागला. एका कार्यालयात ही फाइल महिनाभर नुसती पडून होती. विचारायला गेलं की "साहेब मीटिंगला". शेवटी ओळखीच्या एका क्लार्कदादांनी सांगितलं, "मॅडम, अर्जाची पोच घेतलीय ना? मग त्या पोचेचा नंबर टाकून ईमेल करा, तोंडी विचारू नका." चौथ्या दिवशी सही झाली. तेव्हा प्रत्येक खिडकीवर पोच घ्या.

पदवी प्रमाणपत्रांवर आधी राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणून लावायचा शिक्का. मलावी हा शिक्का मानणाऱ्या हेग कराराच्या देशांत असल्यानं अपॉस्टिल चालतं, दूतावासाच्या चकरा वाचतात. सरकारी शुल्क एका कागदाला ५० रुपये. एजंट मात्र त्याच कामाचे हजारांत सांगतात. घाई नसेल तर अधिकृत केंद्रातूनच करा. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट केंद्रातून मिळतं, शुल्क ५०० रुपये. ते सगळ्यात शेवटी काढा, कारण ते फार जुनं झालेलं चालत नाही.

पिवळ्या तापाच्या लसीबद्दल हमखास गोंधळ होतो. मलावी स्वतः पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत नाही. पण माझं विमान मुंबईहून इथिओपियातल्या आदिस अबाबामार्गे मलावीची राजधानी लिलाँग्वेला, आणि इथिओपिया यादीत आहे. ट्रान्झिटमध्ये विमानतळाबाहेर न पडलेल्यांना परत येताना सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्यानं मान्य केली तर. नाहीतर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. मी मुंबईत विमानतळ आरोग्य संघटनेच्या केंद्रात जाऊन लस घेतली. अपॉइंटमेंट आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून धरलं जातं आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी चालतं. त्याचा फोटो नव्हे, मूळ पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवायचं. मलेरियासाठी डॉक्टरांनी मला डॉक्सीसायक्लिन लिहून दिली: निघायच्या दोन दिवस आधीपासून रोज, आणि परत आल्यावरही चार आठवडे. भरल्या पोटी घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही, आणि उन्हात कातडी भाजते म्हणून बाह्यांचे कपडे.

खर्चाचं बोलायचं तर लस आणि पोलीस क्लिअरन्सचे पैसे संस्थेनं परत दिले, बाकीचे वीसेक हजार माझ्या खिशातून गेले. त्यातले निम्मे मुंबई-नाशिकच्या प्रवासाचे. विमानाचं तिकीट, तिथलं घर आणि विमा, हे सगळं संस्थेकडं. हातात येणारा भत्ता महिन्याला जेवणखाण आणि फिरण्यापुरता. कॉलेजनं मला वर्षाची असाधारण रजा दिली, म्हणजे बिनपगारी. घराचा हप्ता वर्षभर नवऱ्याच्या एकट्याच्या पगारातून जाणार, हे आम्ही कागदावर मांडून बघितलं आणि मगच होकार कळवला. हे गणित जमत नसेल तर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पैशाच्या काळजीत असलेली माणसं तिथं जाऊन चिडचिड करतात, आणि ती तिथल्या लोकांवर निघते.

सप्टेंबर २०२३ मध्ये पोचले. लिलाँग्वेत आठवडाभर ओळखवर्ग: चिचेवा भाषेचे धडे, पैसे फोनवरून कसे पाठवायचे, मिनीबसमध्ये पाकीट कुठं ठेवायचं. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा. अॅडॉप्टर इथूनच न्या. लिलाँग्वेच्या जुन्या बाजारात गुजराती दुकानं आहेत, तूरडाळ, हिंग, मोहरी सगळं मिळतं, त्यामुळं बॅगेतले दोन किलो गोडा मसाल्याला आणि पुस्तकांना द्या, डाळीला नको.

माझं कॉलेज राजधानीपासून दोनेक तासांवर, एका मिशन हॉस्पिटलला लागून. मलावीत चर्चच्या हॉस्पिटलांची सीएचएएम नावाची संघटना आहे आणि देशातल्या नर्सिंग कॉलेजांपैकी बरीच तिच्या छत्राखाली चालतात. तीन वर्षांचा डिप्लोमा, नर्स-मिडवाइफ टेक्निशियन. शेवटी कौन्सिलची लायसन्स परीक्षा. वर्गात मुलगेही पुष्कळ, आणि ते मुलींच्या बरोबरीनं बाळंतपणं करतात. आपल्याकडं प्रसूतीच्या पोस्टिंगला मुलांना दाराशी थांबवणारे वॉर्ड मी पाहिलेत. तिथं एक विशीतला उंचापुरा मुलगा बाळंतिणीच्या कपाळावरचा घाम पुसत "अमायी (म्हणजे बाई), अजून थोडं" म्हणत होता आणि कुणालाच त्यात काही वाटत नव्हतं.

पण हे सगळं मी लांबून बघत होते. कौन्सिलची तात्पुरती नोंदणी होईपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. आणि टीईपी, म्हणजे तात्पुरता रोजगार परवाना, त्याचाही कागद कुठंतरी अडकलेला. संस्थेच्या स्थानिक कार्यालयातून दर सोमवारी उत्तर यायचं, "प्रोसेसमध्ये आहे". ऑक्टोबर असा गेला. तिथला ऑक्टोबर म्हणजे आपला एप्रिल-मे. सगळीकडं जॅकरांडा फुललेला आणि पंखा फिरायला वीज नाही. करमेना. इकडं पगार बुडवून आलोय आणि तिकडं नुसती खुर्ची उबवतोय, या विचारानं रात्री झोप लागायची नाही. मुलाला फोनवर म्हटलं, परत येऊ का? तो म्हणाला, "आई, तू मला हॉस्टेलवर सोडताना काय सांगितलं होतंस?" फोन ठेवून दिला.

त्या रिकाम्या महिन्यात दोन गोष्टी घडल्या, आणि आता वाटतं त्याशिवाय पुढचं जमलं नसतं. एक, मी माझ्या जोडीदार ट्यूटरच्या वर्गात मागच्या बाकावर बसायला लागले. या बाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, मिडवाइफरी, संशोधनाचा पेपर आणि होस्टेलची जबाबदारी, सगळं एकटीच्या अंगावर. पहिले काही दिवस माझ्याशी अगदी औपचारिक. नंतर एकदा जेवताना, न्सीमा (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) आणि भोपळ्याच्या पाल्याची शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी खाताना, म्हणाल्या, "मॅडम, पाहुणे येतात ते स्वतःचं प्रशिक्षण पेनड्राइव्हवर घेऊन येतात. आमचे तीन दिवस जातात. मग फोटो. आणि बुडालेले तास आम्ही शनिवारी भरून काढतो." मी विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्या जरा थांबल्या. "माझ्या परीक्षेचे पेपर कुणीतरी माझ्याबरोबर बसून बघावेत." बस्स. वर्षभराच्या कामाची सुरुवात ही अशी झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे स्किल लॅबचं, म्हणजे मॉडेलवर सराव करायच्या खोलीचं, कपाट. किल्ली प्राचार्यांकडं, कारण वस्तू महागड्या. आत देणगीतून आलेला माल: कुणीतरी परदेशी हॉस्पिटलानं पाठवलेले मुदत संपलेले कॅथेटर, व्हॉल्व्ह फाटलेल्या अंबू बॅगा (हातानं दाबून श्वास द्यायच्या पिशव्या), चार्जर नसलेलं मॉनिटर, आणि जर्मन भाषेतल्या माहितीपत्रकासह एक यंत्र, जे कशाचं आहे हे आम्हा दोघींना शेवटपर्यंत कळलं नाही. चालू स्थितीतलं नवजात बाळाचं मॉडेल एक. विद्यार्थी वर्गात साठ. देणगी देणाऱ्यांबद्दल मला राग नाही, पण "जुनं आहे, आफ्रिकेला पाठवू" हा विचार करणाऱ्यांनी ते कपाट एकदा आवरायला यावं. चार पोती कचरा निघाला आणि तो टाकायची परवानगी मिळवायला स्वतंत्र अर्ज करावा लागला, कारण रजिस्टरवर तो "मालमत्ता" होता.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला नोंदणी झाली, आणि त्याच आठवड्यात रिझर्व्ह बँक ऑफ मलावीनं क्वाचाचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, अवमूल्यन केलं. डॉलर साधारण १,१८० क्वाचांवरून एकदम १,७०० वर. माझा भत्ता क्वाचात ठरलेला. तो नंतर थोडा वाढवून मिळाला, पण संस्थेकडून ते पत्र यायला फेब्रुवारी उजाडला. माझं सोडा, फी भरू न शकल्यानं विद्यार्थी गळायला लागले, आणि सोबतच्या ट्यूटर महिन्याच्या वीस तारखेनंतर मिनीबस सोडून चालत येताना दिसू लागल्या. करार करताना भत्ता कोणत्या चलनात बांधलाय ते विचारा.

आता वॉर्डाचं. डिसेंबरपासून पाऊस, पावसाबरोबर मलेरिया, आणि बालरोग वॉर्डात एका खाटेवर दोन मुलं. प्रत्येक पेशंटच्या हातात हेल्थ पासपोर्ट नावाची छोटी वही. सगळा इतिहास त्यात, हॉस्पिटलच्या फाइलीत नाही. वही आणली नाही तर काही माहीत नाही. पेशंटची देखभाल करायला घरचं माणूस असतं, त्याला तिथं गार्डियन म्हणतात. अंघोळ घालणं, भरवणं, लघवीचं भांडं, सगळं गार्डियन करतात आणि रात्री बाहेरच्या शेडमध्ये चुलीवर स्वयंपाक करून तिथंच झोपतात. आपल्याकडच्या सिव्हिलमध्ये काम केलेल्या नर्सला यात नवं काही वाटत नाही, आणि हा मोठा फायदा आहे. गार्डियनना औषधाच्या वेळा कशा समजावायच्या हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. श्रीमंत देशातून आलेल्या एका स्वयंसेविकेला मात्र पहिला महिना याच धक्क्यातून सावरण्यात गेला.

बाळंतपण तिथं मोफत. सरकार चर्चच्या हॉस्पिटलांना करारानुसार पैसे देतं. पण बाई येताना प्लॅस्टिकची शीट, दोन-चार चितेंजे, म्हणजे बायका कमरेला गुंडाळतात ती रंगीत कापडं, आणि ब्लेड घेऊन येते. एचआयव्हीची तपासणी आणि औषधं मात्र इतकी शिस्तीत की मी थक्क झाले. गरोदर बाईला एचआयव्ही असला तर लगेच आयुष्यभराचे उपचार, हा नियम मलावीनं २०११ मध्ये जगात पहिल्यांदा देशभर लागू केला. बाकीच्यांनी तो नंतर उचलला. आपण शिकवायला आलो तरी इथं शिकायचं काय आहे, याची यादी मी वहीच्या मागच्या पानावर करत गेले. एक सांगून ठेवते: सुई टोचली तर पीईपी (एचआयव्हीची लागण टाळायची औषधं) ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवी, आणि ती रात्री कोणाकडं मिळते हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवायचं.

जानेवारीत दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पुस्तकात बाळंतपणानंतर दर पंधरा मिनिटांनी पल्स, बीपी, गर्भाशय बघा असं आहे. वॉर्डात नर्स एक आणि बाळंतिणी तेवीस. मी काय सोडू?" वर्गात हशा पिकला. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आम्ही इतकी वर्षं मुलींना सगळं करा असं शिकवतो आणि वॉर्डात गेल्यावर कुणाला विचारू नका, जे जमेल ते करा असं न बोलता सांगतो. त्या तेवीस जणींतल्या कोणत्या तिघींकडं आधी जायचं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. माझी जोडीदार आणि मी मग तोच धडा बांधायला घेतला.

विषय बाळंतपणानंतरचा रक्तस्राव घेतला, कारण जीव त्यानंच जातो. गर्भाशय हाताला कसं लागतं हे शिकवायला मॉडेल हवं. विकत मिळतं, पण कॉलेजच्या बजेटबाहेर. बाजारात दुकानांच्या ओसरीवर पायमशीन घेऊन शिंपी बसतात. त्यातल्या एका म्हाताऱ्या शिंपीदादांना आम्ही चितेंजाचं कापड आणि कापूस नेऊन दिला आणि काय हवं ते हातवाऱ्यांनी सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी सुबक उशी शिवून दिली. मग जोडीदारबाईंनी त्यांना चिचेवामध्ये नीट, बिनसंकोच समजावलं; दादा गंभीरपणे मान हलवत राहिले, स्वतःच्या बायकोच्या बाळंतपणाची हकीकत सांगितली, आणि दोन दिवसांनी पोटाचा एक पट्टा आणि त्यात घालायचे दोन गोळे तयार. एकात कापूस गच्च ठासलेला, टणक; दुसऱ्यात सैल, बोट दाबलं की आत जाणारा. एका मुलीनं पट्टा कमरेला बांधून आडवं पडायचं, दुसरीनं डोळे मिटून पोट चाचपायचं आणि सांगायचं: आकसलंय की ढिलं. ढिलं असेल तर लगेच मसाज, लघवीची पिशवी रिकामी आहे का बघ, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवणारं औषध), हाक मार. सबंध संचाला लागलेला पैसा माझ्या एका आठवड्याच्या भाजीइतका.

मग रक्त मोजणं. खायचा लाल रंग घातलेलं पाणी मोजून चितेंजावर ओतलं आणि विचारलं, किती? ५०० मिली ओतलं होतं. कुणी दोनशे म्हणालं, कुणी अडीचशे. ट्यूटरनी, आणि वॉर्डच्या अनुभवी सिस्टरनीही, कमीच सांगितलं. गडद कापडात रक्त दिसत नाही, मुरतं. त्यावर कुणी भाषण देण्याची गरज पडली नाही. वॉर्डच्या सिस्टरनी आपणहून एक ठरलेल्या मापाचं भांडं लेबर रूममध्ये ठेवायला सुरुवात केली.

मार्च २०२४ मध्ये पाऊस दगा देऊन गेला, मका करपला आणि राष्ट्राध्यक्षांनी २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर केली. कॉलेजच्या मेसमध्ये न्सीमाचा वाढा कमी झाला. दुपारच्या प्रात्यक्षिकात पोरं जांभया देत, आणि त्याला मी काही बोलू शकत नव्हते.

मे महिन्यात परीक्षा. जोडीदारबाईंनी पहिल्या दिवशी मागितलेलं काम आता खऱ्या अर्थानं सुरू झालं: प्रात्यक्षिक परीक्षेच्या तपासणी-याद्या. जुन्या यादीत "हात धुतले" आणि "रक्तस्राव ओळखला" या दोन्हींना एकेक गुण होता. आम्ही दोघी, वॉर्डची सिस्टर आणि प्राचार्य अशा चौघांनी रात्री सोलरच्या दिव्यात बसून गुण पुन्हा वाटले, कौन्सिलच्या कार्यपद्धतीशी ताडून पाहिले. यात तीन आठवडे गेले आणि त्यात फोटो काढण्यासारखं काहीही नव्हतं. माझ्या मते वर्षभरात मी केलेलं सगळ्यात टिकाऊ काम तेच. नवी परीक्षा पहिल्याच खेपेला फार जणांना जड गेली, फेरपरीक्षा घ्यावी लागली, पालकांची बोलणी प्राचार्यांनी खाल्ली.

१० जूनला उपराष्ट्राध्यक्ष सौलोस चिलिमा यांचं विमान चिकांगावाच्या जंगलात कोसळलं. दुखवटा, बंद वर्ग, रेडिओ. फेरपरीक्षा पुढं ढकलली. जुलै आवराआवरीत गेला.

निघण्याआधी चार कागद हातात घेतल्याशिवाय विमानात बसू नका: कॉलेजचं कामाचं पत्र तारखांसह, संस्थेचं अनुभव प्रमाणपत्र, मलावी कौन्सिलमधल्या नोंदणीच्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला, आणि तिथल्या पोलिसांचं क्लिअरन्स. पुढं कुठंही अर्ज केलात तर वर्षभर राहिलेल्या देशाचं क्लिअरन्स मागतात, आणि ते इथून मागवणं फार त्रासाचं. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा पिवळं कार्ड खरोखर बघितलं. डॉक्सीसायक्लिन चार आठवडे चालू ठेवली. त्यानंतरही काही महिने ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "मी मलावीत होते" हेच सांगायचं, कारण इथं आधी डेंगीची तपासणी होते.

फोनवर बहुतेक जणी शेवटी विचारतात, वर्ष जमणार नाही, दोन आठवडे गेलं तर? कुणी ठरावीक कामासाठी बोलावलं असेल, म्हणजे एखादी परीक्षा बांधायची आहे, एखादं यंत्र शिकवायचं आहे, तर जरूर जा. नाहीतर पहिला आठवडा तुमची सोय लावण्यात आणि दुसरा निरोप समारंभात जातो, आणि बुडालेले तास कुणीतरी शनिवारी भरून काढतं. परीक्षेच्या त्या तपासणी-याद्या आता तिथल्या ट्यूटर त्यांच्या त्या बदलतात, मधूनच व्हॉट्सअॅपवर एखादी येते, "हे बघा, ठीक आहे का?" म्हणून. कॉलेजची पुढची मागणी मिडवाइफरीची नाही, सामुदायिक आरोग्याच्या ट्यूटरची आहे. त्या विषयाची एम.एस्सी. असेल, निदान पाच-सात वर्षं शिकवलं असेल आणि नावाचं राजपत्र तयार असेल तर मला जरूर फोन करा. माझी रजा वेतनवाढीसाठी धरायची की नाही, ती फाइल अजून फिरतेच आहे. तिची पोच माझ्याकडं आहे.